झोप लागली की निघायचं

अंगणवाडीतल्या बाईला किस्से गोळा करावे लागत नाहीत. लेकरं रोज सकाळी घरातल्या सगळ्या भानगडी घेऊन येतात आणि खिचडी खायच्या आत सांगून मोकळी होतात! मी आणि आमच्या मदतनीस कौसाबाई निवांत बसलो की तेच चालतं. आधी पोट दुखेपर्यंत हसतो. मग घरी जाताना तेच किस्से माझी पाठ सोडत नाहीत, ते वेगळं.

आमचं गाव उमापूरच्या अंगाचं. दिवाळीच्या पुढंमागं अर्धं गाव ऊसतोडीला जातं. तान्ही लेकरं आईबरोबर जातात, जरा कळती झालेली आजीपाशी राहतात. आणि लेकराला मागं ठेवून जायची आमच्याकडं रीतच आहे: त्याला झोपवायचं आणि निघायचं. म्हणजे रडारड नको. लेकरू उठतं तेव्हा गाडी पार नगरच्या पुढं गेलेली असते.

आता संतोषचंच घ्या. लहानपणी असाच मागं राहिलेला. आज ट्रॅक्टर चालवतो, मिशा ठेवल्यात. लग्नाला महिना झाला नाही तोच त्याची बायको तोंड पाडून आमच्याकडं आली. मला वाटलं, मारतो का काय!

ती म्हणाली, "मॅडम, ह्यांना कायतरी सांगा. गाढ झोपेतून हलवून उठवतात न् म्हणतात, मी लघवीला चाललोय, लगेच येतो!"

कौसाबाईंनी तोंडात पदर कोंबला. मी कसंबसं विचारलं, "मग तू काय म्हणतीस?"

"काय म्हणणार? जा म्हणते. मी जा म्हणल्याबिगर जातच न्हाईत!"

कौसाबाईंचे थोरले दीर, बळीअण्णा, तेही लहानपणी तसेच मागं राहिलेले. त्यांची तर वेगळीच तऱ्हा. एकदा जावई मुक्कामाला होता. सकाळची पहिली एसटी धरायची होती. म्हाताऱ्या माणसाची झोप कशाला मोडायची म्हणून बिचारा गुपचूप निघाला. अण्णा उठून बघतात तर अंथरूण रिकामं! मोटरसायकल काढली ती थेट गेवराईच्या स्टँडवर. एसटी निघायच्या बेतात. अण्णा आत चढले आणि जावयापुढं जाऊन उभे राहिले. जावयाचा चेहरा पांढराफटक. त्याला वाटलं, घरात कुणीतरी गेलं.

"काय झालं मामा?"

"का म्हणून गेलात न सांगता?"

"तुमी झोपला होतात..."

"मंग उठवायचं! आता सांगा."

भरल्या एसटीत जावई म्हणाला, "येतो मामा." अण्णा म्हणाले, "या." आणि खाली उतरले. कंडक्टरनं घंटी मारली. कौसाबाई हे नक्कल करून सांगतात तेव्हा लई हसायला येतं. पण साठीचा माणूस हो तो!

मध्ये अंबाजोगाईला आमचं प्रशिक्षण झालं. तिथले सर म्हणाले, पहिल्या पाच-सहा वर्षांत लेकराच्या मनावर जे उमटतं, ते जन्मभर सोबत राहतं. शेजारच्या वाडीवरच्या सुमननं हात वर केला.

"सर, ज्यांची ती वर्षं कवाच होऊन गेली, त्यांनी काय करावं?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "आपण चहा घेऊ या!"

तो चहा मला काही गोड लागला नाही. माझ्या डोक्यात गौरी होती.

गौरी चार वर्षांची. मागच्या हंगामात तिची आई, रेखा, तिला झोपवून गेली. तेव्हापासून पोरगी झोपेला घाबरते. जेवणानंतर सगळी लेकरं आडवी होतात, ही भिंतीला टेकून टकामका बघत बसते. रेखा परत आली तरी तेच! डोळा लागायला लागला की स्वतःलाच चिमटा काढते. वाळून काडी झाली. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही, झोपू द्या. झोपू द्या म्हणे! आम्ही काय जागं ठेवतोय?

एकदा तिनं आपल्या फ्रॉकच्या नाडीची माझ्या पदराला गाठ मारली आणि तिला डुलकी लागली. नेमक्या तेव्हाच सुपरवायझर मॅडम आल्या. मी जागची हलेना.

"उठायची पद्धत नाही का तुमच्याकडं?"

मी हळूच म्हणाले, "मॅडम, मला बांधलंय!"

आता यंदाची गाडी यायची वेळ झाली. रेखाची सासू म्हणाली, "पोरीला झोपवून जा. आमी बी असंच गेलतो, लेकरं मेली का?" मी भांडले. रेखाला म्हणाले, "या वेळी जागेपणी सांगून जा. रडू दे, लोळू दे, पण सांग."

बोलले खरी, पण माझा जीव थाऱ्यावर राहीना. पोरगी गाडीमागं पळाली तर? जेवणखाण सोडून बसली तर? दुसऱ्याच्या लेकरावर प्रयोग करणारी मी कोण? नवरा म्हणाला, "तूच झोपत न्हाईस आता!"

गाडी दुपारची होती. रेखा बांधाबांध करून पार मोडून गेलेली, तशीच अंगणवाडीत आली. गौरीला मांडीवर घेतलं आणि सांगितलं, "मी आज चालले, बाळा. उन्हाळ्यात येते. आजीपाशी ऱ्हा."

मी देवाचं नाव घेत उभी. पोरगी रडली नाही. आईच्या तोंडाकडं बघत राहिली. मग उठून सतरंजी सारखी केली आणि म्हणाली, "तू दमलीस. झोप जरा."

रेखा हसली, आडवी झाली. गौरी तिला थोपटायला लागली. मायलेकींना जरा एकटं सोडावं म्हणून आम्ही दोघी ओट्यावर येऊन लेकरांना वाढायला लागलो.

थोड्या वेळानं रस्त्यावर हॉर्न वाजला. मी आत डोकावले. रेखा गाढ झोपलेली. गौरी नाही! तशीच मी मागच्या दारानं पळाले, तर ही हापशाच्या पलीकडं, चवड्यांवर हळूहळू चाललेली.

"गौरे! कुठं निघालीस?"

तिनं वळून तोंडावर बोट ठेवलं.

"हळू, बाई! ती उठली तर रडंल."