आठ किलोची वाकळ

जुनी वाकळ उसवायची तर आधी दोन दिवस उन्हात टाकावी लागते, उलटसुलट. ढेकूण, कसर, जे काय असेल ते तिथंच सुटतं. मग अंगणात बसून ब्लेडनं एका कोपऱ्यापासून सुरुवात करायची. कात्री लावली की कापड जातं. माझ्याकडं शिवायला तीन बायका येतात, पण उसवायचं काम मी कुणाला देत नाही. कापड हातातून गेल्याशिवाय त्याचं काय करायचं ते मला ठरवता येत नाही.

तुळजापुरात माझं हे बरीच वर्षं चाललंय. आधी शाळेत हस्तकला शिकवत होते. तो विषय मागं पडत गेला, तशी मी घरी बसले आणि पुढची खोली कामाला काढली. जुनी लुगडी, खणाचे तुकडे, धोतरं जमवायची आणि त्यांच्या गोधड्या, पिशव्या, भिंतीवर लावायचे पट करायचे. पुण्याकडच्या बायका आवडीनं घेतात. बाजार फिरताना पितळी समई, अडकित्ता, पाळण्याच्या लाकडी चिमण्या असलंही काहीबाही उचलते. लोक विचारतात, जुन्या वस्तूंत तुम्हाला काही जाणवतं का हो? मी सांगायचे, धूळ जाणवते.

ती वाकळ मला आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीच्या बाजारात मिळाली. तिथं एक जुने कपडे विकणारा बसतो. भांडेवाल्या बायका घरोघर फिरून भांड्यांच्या बदल्यात जे कपडे आणतात, ते त्याच्याकडं येतात. त्यानं ढिगाखालून एक गुंडाळी ओढली.

"बाई, उचलून दावा आन् मग घेऊन जावा."

मी उचलली. गाडीपर्यंत नेताना मधे दोनदा खाली ठेवली. घरी आणून काट्यावर टाकली तर आठ किलो भरली. साधी वाकळ तीन-चार किलोच्या वर जात नाही.

आमच्याकडं वाकळ फाटली की तिच्यावर नवं लुगडं चढवून पुन्हा टाचतात. म्हणून जुन्या वाकळेच्या पोटात तिच्याहून जुनी वाकळ असते. मी त्याच्याच मागं असते. वरचं नायलॉन काढलं की आत कधीकधी अस्सल इरकल निघतं.

या वाकळेचा वरचा थर काढायलाच दोन दिवस गेले. एरवी टाक्यांच्या दोन ओळींत बोटभर अंतर असतं. इथं ओळीला ओळ चिकटलेली होती. उबेसाठी कुणी इतकं टाचत नाही. त्याच्याखाली धोतराचा थर, तोही तसाच, त्याच हाताचा. त्याच्याखाली तांबड्या सुताचा आणखी एक. आणि गंमत म्हणजे खालचं कापड कुठंच फाटलेलं नव्हतं. न फाटलेल्या वाकळेवर कुणीतरी तीनदा नवं कापड चढवलं होतं, आणि प्रत्येक वेळी खिळे मारल्यासारखं घट्ट.

पाचव्या दिवशी आतली वाकळ हाती आली. हिरवं इरकली लुगडं, लाल काठ. रंग असा, की जणू तिच्यावर कुणी कधी झोपलंच नाही. टाका वेगळा, मोकळा आणि सुरेख. एका कोपऱ्यात गाठीसारखं काही लागलं. उसवलं तर काळा भुगा निघाला. तो झटकून टाकला.

टाक्याची आणखी एक गंमत होती. वाकळ शिवताना बाई कडेनं सुरू करते आणि फिरत फिरत मधे येते. हिच्या ओळी उलट्या अंगानं वळल्या होत्या. शिवणारी डावखुरी असणार.

माझ्याकडच्या तिघींत एक मावशी आहेत, साठीच्या. तामलवाडीहून रोज सकाळच्या गाडीनं येतात. त्या डावखुऱ्या. त्या आल्या तशी मी वाकळ त्यांच्यापुढं पसरली.

"बघा मावशी, तुमच्यासारखीच डावखुरी कुणीतरी होती. बहीण शोभेल तुमची."

मावशी खाली बसल्या. काठावरून हात फिरवला, मग ओळींवरून. चारही कोपरे चाचपले. मी उसवलेल्या कोपऱ्याशी हात थांबला.

"हितलं काय केलंत?"

"भुगा होता काहीतरी. टाकला."

"भाकर होती ती." त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. "शेवटचा कोपरा मिटताना भाकरीचा तुकडा घालतेत. वाकळ उपाशी ऱ्हाऊ नये म्हून. ही म्या शिवलीय, ताई. लुगडं माझ्या आईचं हाय."

मी म्हटलं, मावशी, हिरवी इरकलं घरोघर होती.

"लुगडी असतील. हात दुसरा कुणाचा असंल?"

 मी पाणी दिलं. बाकीच्या दोघींना त्या दिवशी लवकर घरी पाठवलं.

मावशींना एक धाकटी बहीण होती. वाशीकडच्या ईट गावात दिलेली. ही वाकळ त्यांनी तिला दिली होती. बहीण गेली तेव्हा तिची मुलगी सहा महिन्यांची होती. दहाव्याला मावशी ईटला गेल्या, तर बहिणीची सासू दारात आडवी उभी राहिली. 'आता कशाला आलीस,' एवढंच म्हणाली. मावशी दारातूनच परतल्या आणि पुन्हा कधी तिकडं गेल्या नाहीत. ती मुलगी आहे की नाही, हेसुद्धा त्यांना माहीत नव्हतं. विचारावं असं माहेरचंही कुणी उरलेलं नव्हतं.

"वाकळ आलीय म्हंजे घर असंल," त्या म्हणाल्या. "तुमी इचारा त्याला."

मी वाशीच्या माणसाला फोन लावला. त्यानं भांडेवालीला विचारलं. आठ किलोची वाकळ तिच्याही लक्षात होती. वाशीतच एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीतलं घर, एक म्हातारी वारली, तिच्या नातीनं दिली. म्हातारी मूळची ईटची.

पुढच्या मंगळवारी आम्ही माझ्या व्हॅननं निघालो. आतली वाकळ धुऊन मागच्या सीटवर ठेवली होती. निम्मा रस्ता संपला. मावशी एकदम म्हणाल्या, "बारशाला दिली म्हून सांगीन."

"म्हणजे? दिली नव्हती?"

मग त्यांनी सांगितलं. सांगताना समोरच्या काचेतून बाहेर बघत होत्या.

बहिणीला खोकला लागला होता. दुपारी ताप भरायचा. सासरी कुणी बघेना. ती मुलीला घेऊन तामलवाडीला आली. तिथून सोलापूर जवळ, महिनाभर राहीन, मोठ्या दवाखान्यात दाखवीन, म्हणाली. मावशींचा मुलगा तेव्हा तीन महिन्यांचा होता. त्यांनी बहिणीला दोन दिवस ओसरीवर ठेवलं. तिसऱ्या दिवशी, थंडी वाजते म्हणतेस तर ही घे, म्हणून मुलासाठी शिवलेली नवी वाकळ दिली आणि ईटच्या गाडीत बसवून दिलं. दोन महिन्यांनी निरोप आला.

"माझ्या सासूनं सांगितलं न्हवतं हां घालवायला. लोक तसं समजतेत. म्या समजू दिलं. मीच भ्याले." मग म्हणाल्या, "त्या पोरीला हे कळलं तर ती बी दारातनंच घालवील. तुमी काय बोलू नका, ताई."

"मी काहीच बोलणार नाही. तुमचं तुम्ही बघा," मी म्हटलं. समोरून एक ट्रक येत होता, माझं लक्ष तिकडं होतं.

घर सापडायला वेळ लागला नाही. पस्तिशीच्या आतबाहेरची बाई दारात आली. कोपरापर्यंत पिठानं भरलेले हात. मावशी तिच्याकडं बघत पायरीवरच थांबल्या. मीच बोलले. तुळजापूरहून आलोय, तुमची एक जड वाकळ बाजारातून माझ्याकडं आली, तिच्याबद्दल विचारायचंय.

ती जरा मागं सरली. "का? काय निघालं तिच्यात?"

मी म्हटलं, काही नाही, जुनं लुगडं निघालं. तिनं आम्हाला आत बसवलं आणि हात धुऊन चहा ठेवला. बोलकी होती. आजीची वाकळ ती. वडील गेल्यावर आजीला इकडं आणलं, तेव्हा आजीनं दुसरं काही आणलं नाही, ती एवढी आणली.

"पण झोपायची न्हाय तिच्यावर. आन् कुणाला झोपू द्यायची न्हाय. गुंडाळून कोपऱ्यात उभी करायची. लहानपणी मला वाटायचं, कुणीतरी डोक्यावरून पदर घेऊन बसलंय तिथं. म्या त्या खोलीत जायचीच न्हाय."

"मग वरून लुगडी कुणी चढवली?" मी विचारलं.

"तिनंच. दहा-बारा वर्षं झाली की काढायची आन् टाचत बसायची. म्हणायची, वाकळ खोकती. आवो, खोकायची ती स्वतः! पण न्हाय. म्हणायची, अजून ऐकू येतंय, अजून एक थर घालते." ती हसली. "म्या म्हणायची, आजे, मग जाळून टाक की एकदाची. तर म्हणायची, भाकर खाल्लेली वाकळ जाळत न्हाईत. शेवटी शेवटी कानानं काय ऐकू यायचं न्हाय तिला, पर वाकळ ऐकू यायची."

ते थर मी पाच दिवस अंगणात एकटी उसवत बसले होते. त्या टाक्यांची दाटी माझ्या बोटांना माहीत होती. चहाचा कप मी खाली ठेवला.

"चौदावा झाला आन् दुसऱ्याच दिवशी भांडेवालीला देऊन टाकली," ती म्हणाली. मग तिचं मावशींकडं लक्ष गेलं. "ह्या कोण? बोलंनात त्या."

"तुझ्या आईची थोरली बहीण," मावशी म्हणाल्या.

"आईला बहीण होती?"

"हाय."

 तिनं ओढणीनं हात पुसले, कोरडेच हात. "मग वाकळ तुमी दिलेली? आजी म्हणायची, माहेरची हाय." मावशींनी तोंड उघडायच्या आत तिनंच पुढं सांगितलं, "माझ्या बारशाला दिली असंल."

फक्त 'व्हय' म्हणायचं होतं. मान हलवली असती तरी चाललं असतं. मी चहाच्या कपाकडं बघत होते.

"न्हाय," मावशी म्हणाल्या. "तू चार महिन्यांची होतीस. आई तुझी माझ्याकडं ऱ्हायला आली हुती, दवाखान्यासाठी. म्या ठिवलं न्हाय तिला. वाकळ दिली आन् गाडीत बसवली."

बाहेर कुकरची शिट्टी झाली, शेजारच्या घरात असावी.

"मी होते संगं?"

"व्हय. तुला माझ्या लेकाजवळ निजवलं न्हाय म्या. वसरीवर ठिवलं, तुझ्या आईजवळ."

ती उठली. कप गोळा केले आणि आत गेली. नळ सुरू झाला. तीन कप धुवायला जेवढा वेळ लागतो त्याच्यापेक्षा पुष्कळ वेळ तो चालू होता. मावशी सरळ बसून होत्या, भाकरीच्या दुरडीकडं बघत. मी उठायची खूण केली तर त्यांनी नको म्हणून मान हलवली.

शेवटी ती दारात आली, पण खोलीत आली नाही. "ती वाकळ मला नको," माझ्याकडं बघून म्हणाली. "घेऊन जावा परत." निघताना मी माझा नंबर कागदावर लिहून टीव्हीजवळ ठेवला. परतीच्या वाटेवर मावशींनी एकच गोष्ट विचारली, दुसऱ्या दिवशी कामावर यायचं का. मी म्हटलं, का नाही यायचं?

ती वाकळ मी विकायला काढली नाही. कपाटावर गुंडाळून ठेवली आहे. आडवी ठेवलीय, उभी ठेवत नाही. कोपरा मावशींनी स्वतः शिवून दिला, भाकरीचा नवा तुकडा घालून. त्याच हातानं, त्याच उलट्या अंगानं.

महिन्याभरानं वाशीहून मावशींच्या भाचीचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं, पिशव्या कशा करता, किती बायका आहेत. मग म्हणाली, "त्यांची तब्येत बरी हाय ना? मी इचारलं म्हून सांगू नका."

मी फोन ठेवला आणि लगेच मावशींना सांगितलं. असली गुपितं मी ठेवत नाही. मावशींनी चार वेळा विचारलं, काय म्हणाली, कसं म्हणाली. असे तीन-चार फोन झाले. शेवटच्या वेळी तिनं विचारलं, आई कशी होती. मी म्हटलं, मी पाहिली नाही, ज्यांनी पाहिलीय त्यांना विचार. तिनं फोन ठेवला.

मावशींना हे सांगितलं तर त्या घाबरल्याच. "म्या काय सांगू? आवाज बी आठवत न्हाय मला तिचा. इतकी वर्सं आठवायचीच न्हाय म्हून ऱ्हायले."

पुढचा फोन दुपारी आला. तिघी जेवून कामाला बसायच्या बेतात होत्या. मी काही न बोलता मोबाइल मावशींच्या हातात दिला आणि बाकीच्या दोघींना घेऊन अंगणात आले. खिडकी उघडीच होती.

 मग मावशी म्हणाल्या, "हाय. ऐकतीय."  मग अगदी हळू, "चिंचा लई खायची. कच्च्या. दात आंबले की रडायची आन् परत खायची..."

मी मोबाइलचा चार्जर द्यायला म्हणून दारापर्यंत गेले. मावशी सतरंजीच्या मधोमध बसल्या होत्या. कानाला फोन आणि दुसऱ्या हातानं पुढ्यातले कापडाचे तुकडे बाजूला सारत होत्या. मग, बोलणं न थांबवता, त्या भिंतीकडं सरकल्या. बसमध्ये शेजारी कुणी आलं की आपण सरकतो तेवढ्या. रिकाम्या झालेल्या जागेवरून त्यांनी हातानं धूळ झटकली आणि म्हणाल्या, "बस." फोनमध्ये नव्हे, फोनपासून तोंड वळवून, त्या रिकाम्या जागेकडं बघून.

मी चार्जर दाराशीच ठेवला आणि अंगणात परत गेले.