याची कोटी तीन हाय, सर

"लास्ट बेंच. हो, तूच. उभी राहा."

मी उभी राहिले. सरांनी फळ्यावर बहुपदी लिहिली होती. दोन x घन, वजा पाच x, अधिक सात.

"डिग्री किती? आणि कोएफिशंट्स कसे मांडशील?"

उत्तर मला येत होतं. सरांचं लिहून व्हायच्या आधीच आलं होतं. मी म्हटलं, "याची कोटी तीन हाय, सर. आन् वर्गाचं पद याच्यात नाही, तं त्याले शून्य देऊन जागा ठेवा लागते. दोन, शून्य, वजा पाच, सात."

मग पुढच्या रांगेतून कुणीतरी माझ्यासारखं ओढून 'हाय' म्हटलं आणि हशा झाला.

सर लगेच हसले नाहीत. टेबलाला टेकून मार्कर बोटांत फिरवत राहिले.

"काय म्हणालीस? कोटी?"

"हो सर. कोटी."

"कोट्यातून आलेल्यांना कोटीच आठवणार."

आता सरही हसले. सगळा वर्ग हसला. माझ्या शेजारची मुलगी तोंडावर हात ठेवून हसत होती. माझं उत्तर बरोबर की चूक, ते कुणी सांगितलंच नाही.

सरांनी खिशातून मोबाइल काढला आणि माझ्यासमोर धरला. "पुन्हा सांग. असंच, तुझ्या भाषेत. ते 'त्याले शून्य देऊन' वगैरे."

मी पुन्हा सांगितलं. मोबाइलकडे बघून, स्पष्ट आवाजात. सर विचारतात तेव्हा सांगायचं असतं, एवढंच मला शाळेनं शिकवलं होतं. 'वगैरे' म्हणजे मी, हे तेव्हा कळलं नाही.

मी खापरखेड्याजवळच्या गावातली. वीज केंद्राच्या चिमण्या आमच्या अंगणातून दिसतात. दोरीवरचे कपडे झटकल्याशिवाय आमच्याकडे कुणी घालत नाही, इतकी राख. बाबा ठेकेदाराकडे त्याच राखेच्या पाइपलाइनवर. आई गावच्या जिल्हा परिषद शाळेत खिचडी शिजवते. मी त्याच शाळेत शिकले, पुढे शेजारच्या गावातल्या हायस्कूलमध्ये. सगळं मराठीत. पद, सहगुणक, चल, कोटी. गणिताच्या मॅडम दुचाकीवर कामठीहून यायच्या. एखादं पद नसलं की मुलं ते सोडून द्यायची आणि अख्खा भागाकार चुकायचा. मॅडम ओरडायच्या, "नाही म्हणून सोडता काय रे? शून्य लिहा. जागा ठेवा." मला बहुपदी आवडायची. कितीही लांब असली तरी ती नीट लावता येते, मोठ्या घातापासून लहानाकडे. घरात काहीच असं लावलेलं नसायचं.

दहावीनंतर नागपूरच्या त्या मोठ्या क्लासनं गावाकडच्या मुलींसाठी परीक्षा घेतली. पास होणारीला इंजिनीअरिंगची तयारी फुकट. मी पास झाले. क्लासच्या फलकावर माझा फोटो लागला. कोटा वगैरे काही नव्हतं. सगळ्यांनी दिला तोच पेपर मी दिला होता. पण पहिल्या दिवशी हजेरी घेताना सर माझ्या आडनावापाशी थांबले होते. पुन्हा वाचलं, मान वर करून मला बघितलं, आणि पुढे गेले. आमच्याकडे एवढं पुरतं. त्यावरून माणूस काय ते ओळखतो.

व्हिडिओ मी सगळ्यांच्या नंतर पाहिला. माझ्याकडे तेव्हा फोन नव्हता. शेजारच्या मुलीनं दाखवला. "चिल यार, तू तो फेमस हो गई."

क्लासच्या पेजवर होता. वर लिहिलं होतं, 'गावरान बहुपदी'. मी बोलत होते. 'त्याले' म्हटलं की म्हैस ओरडायची. आवाज मागून जोडलेला. पुन्हा 'ठेवा लागते' म्हटलं की म्हैस. शेवटी माझा चेहरा मोठा करून थांबवला होता. तोंड अर्धवट उघडं. कपाळावर बसच्या गर्दीतला घाम. मी अशी दिसते हे मला माहीत नव्हतं. खाली हसून रडणारी तोंडं. एकानं लिहिलं होतं, हिला कोण घेतं क्लासमध्ये. दुसऱ्यानं त्याला एका शब्दात उत्तर दिलं होतं. तो शब्द मी इथे लिहिणार नाही.

त्यानंतर माझा आवाज गेला. खरंच गेला. हजेरीला 'प्रेझेंट' म्हणायचं, तर घशातून हवा यायची. मी घरी आरशासमोर बोलून बघायची. डिग्री. कोएफिशंट. व्हेरिएबल. मला, तुला, त्याला. बसमध्ये कंडक्टरला तिकीट मागायच्या आधी मनात वाक्य करून घ्यायची. बस नागपुरात जरीपटक्याला पोचेपर्यंत मनात तेच चालायचं. गणित येत असूनही मी हात वर करणं सोडलं. दुसऱ्यानं चुकीचं उत्तर दिलं तरी बसून राहायची. चुकीचं उत्तर इंग्रजीत असलं की कुणी हसत नाही, हे तिथं कळलं.

घरी काही बोलले नाही. कशी बोलणार? आई सकाळी डबा देताना रोज विचारायची, "मस्त शिकून राहिली ना वं?" मी मान हलवायची.

एका शनिवारी क्लासला सुट्टी होती. आई डबा विसरून गेली म्हणून मी शाळेत तो द्यायला गेले. खिचडीच्या शेडमध्ये चूल विझली होती, भांडी घासून पालथी ठेवलेली. आई मधोमध बसली होती. हातात बाबांचा मोबाइल. भोवती दुसरी स्वयंपाकीण कांताबाई, अंगणवाडीची ताई आणि शाळेत पाणी भरणारी मावशी. शाळेच्या ग्रुपवर कुणीतरी तो व्हिडिओ टाकला होता आणि बाबांच्या फोनवर आला होता.

"माह्या पोरीले पाहा," आई सांगत होती. "नागपूरच्या क्लासात कशी फटफट बोलून राहिली. सर लोकायनं स्वतः शूटिंग घेतलं."

म्हैस ओरडली. अंगणवाडीची ताई हसली. आईला वाटलं ती आनंदानं हसली. आई पण हसली. तिनं पुन्हा लावला. तितक्यात हेडमास्तर तिथून चालले होते. आईनं उठून त्यांनाही दाखवला. पदर नीट करून, दोन्ही हातांत फोन धरून. हेडमास्तरांनी पाहिला. त्यांच्या ओठांच्या कडा हलल्या. "छान छान," म्हणाले आणि निघून गेले.

मी शेडच्या खांबाशी उभी होते. मला वाटलं, जमीन फाटावी. आईनं मला पाहिलं आणि हाक मारली.

"ये ना वं. सारे तुलेच पाहून राहिले." मग तिनं फोन कानाशी नेला. "पण याच्यात म्हैस काहून ओरडून राहिली? आपल्या घरी तं म्हैस नाही."

कांताबाई उगाच पालथं भांडं सुलटं करायला लागली. आईनं तिच्याकडे पाहिलं. ताईकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मला काही सांगावं लागलं नाही. माझ्या चेहऱ्यावरून तिनं वाचलं.

तिनं फोन बंद केला. कमरेला खोचला. "चाल, धान्याची कोठी लावा लागते," म्हणाली आणि आत गेली. त्या दिवशी ती माझ्याशी बोलली नाही. रागावली नव्हती. ती सगळ्या गावाला दाखवून बसली होती.

पुढच्या आठवड्यात सरांनी केबिनमध्ये बोलावलं. थंडगार केबिन. काचेच्या दारापलीकडे आमची बॅच नोट्सच्या झेरॉक्सची वाट बघत उभी.

"अगं, तुझा व्हिडिओ भारी चाललाय," सर म्हणाले. "लोक विचारतात, पुढचा कधी. फॅक्टरायझेशनवर करू. या वेळी लुगडं नेस. डोक्यावर टोपलं घेऊन ये. तू समजावून सांगायचं, बस."

मी म्हटलं, "नाही."

"लाजतेस काय? आपण तुमच्या भाषेला पुढे आणतोय."

"नाही सर."

सरांचा चेहरा बदलला नाही. आवाज मात्र बदलला. "इथे फुकट बसतेस, लक्षात आहे ना? क्लाससाठी एवढं करता येत नसेल तर आईला घेऊन ये. मी बोलतो त्यांच्याशी."

आई आली. शाळेतून सुट्टी घेऊन. पंचमीला घेतलेलं पातळ नेसली होती, केसांना तेल. पिशवीत सरांसाठी लोणच्याची बरणी. बसमध्ये तिनं मला एकच विचारलं, "तुले काढून टाकून राहिले काय वं?" मी म्हटलं, माहीत नाही.

केबिनमध्ये ती खुर्चीच्या काठावर बसली. अर्धी बाहेर, अर्धी खुर्चीत. बरणीची पिशवी मांडीवर तशीच. सरांनी लॅपटॉप तिच्याकडे वळवला आणि व्हिडिओ लावला. पूर्ण. आवाज मोठा करून. "बघा ताई, किती लोकांनी पाहिलंय. यात वाईट काय आहे?"

आईनं तो पूर्ण पाहिला. म्हशीसकट. डोळे मिटले नाहीत. मग तिनं हात जोडले.

"लेकरू आहे साहेब," ती म्हणाली. "काही चुकलं असंल तं माफी द्या. लोकायले हासा वाटते तं हासू द्या. पण शिकू द्या तिले."

सर म्हणाले, "बघ. आईला कळतं."

आजवर मला जी लाज वाटली होती ती माझ्या बोलण्याची होती. घामाची, उघड्या तोंडाची, आडनावाची. त्या मिनिटाला ती सगळी एका जागी आली आणि मला दिसलं, तिची किंमत आई देते आहे. मला हसले लोक, आणि माफी माझी आई मागते आहे. पोरीचं उत्तर बरोबर असताना.

"उठ वं आई," मी म्हटलं.

ती उठली नाही. तिनं माझा हात दाबला, गप्प राहा म्हणून.

"उठ."

मग मी सरांकडे वळले. आरशासमोर केलेलं एकही वाक्य आठवलं नाही. जे आलं ते आलं. "तुम्ही मले विचारून व्हिडिओ टाकला नाही. माह्या आईले विचारलं नाही. माह्यं उत्तर बरोबर होतं, ते तुम्ही अजूनही सांगितलं नाही. तो व्हिडिओ काढा."

"आणि नाही काढला तर?"

"तं मी इथं शिकत नाही. आन् काढल्याबिगर सोडतही नाही."

"बाहेर," सर म्हणाले. हळू आवाजात, मराठीत.

काचेचं दार उघडलं. बॅच बाजूला झाली. माझ्या शेजारची मुलगी झेरॉक्स चाळायला लागली. लोणच्याची बरणी आईनं तशीच परत आणली. ते लोणचं आम्ही घरी खाल्लं नाही. ते तसंच फडताळात राहून काळं पडलं.

यानंतर सगळं ठीक झालं, असं नाही. फलकावरून माझा फोटो निघाला, पेजवरून व्हिडिओ निघाला नाही. इंजिनीअरिंग राहून गेलं. बारावी मी गावाकडच्या कॉलेजातून केली, आता नागपुरात बीएस्सी करते. गणितच. तक्रार द्यायला पोलीस ठाण्यात गेले तेव्हा जमादारानं व्हिडिओ पाहिला, म्हशीला तोही हसला, आणि म्हणाला, "यात शिवी कुठं आहे, बाई?" अर्ज घेतला नाही. बाबा अजून त्या विषयावर बोलत नाहीत. गावातली पोरं मी बसमधून उतरले की मागून म्हशीसारखं ओरडतात. त्यांना सर कोण, क्लास कोणता, काही माहीत नाही.

लाज गेलेली नाही, हेही सांगते. प्राध्यापकांनी फळ्याकडे बोलावलं की माझी जीभ आधी दोन्हीकडे बघते. हे लिहितानाही मी 'मला' लिहिते आहे. 'मले' लिहायला हात गेला नाही. इतकी आत बसते ती. हिला घालवल्यावर उभी राहीन म्हटलं, तर जन्म जाईल. म्हणून मी तिच्यासकट उभी राहते.

गेल्या सोमवारी अर्ज पुन्हा लिहिला. या वेळी वरच्या कार्यालयात द्यायचा. त्यात काय झालं तेवढंच लिहिलं. माझं वय, कुणी चित्रण केलं, कुणाची परवानगी नव्हती, मला काय काय म्हटलं गेलं. जो शब्द वर लिहिला नाही, तो अर्जात पूर्ण लिहिला. आईला वाचून दाखवला. ती चुलीपाशी बसून ऐकत होती.

"आन् त्यायनंबी हाकलून देलं तं?" तिनं विचारलं.

"तं त्याच्या वरच्याकडे जाऊ."

आई बराच वेळ राख सारखी करत राहिली. मग म्हणाली, "मीबी येतो. पण मले तिथं बोलता येत नाही वं."

"बोलू नको," मी म्हटलं. "नुसती बस. खुर्चीत पुरी बस. आन् हात जोडू नको. कोणापुढंच."