पिठाच्या डब्यातला रिमोट

कुंभिवलीला हायवेवरच्या खानावळीत मी भाकऱ्या करते. आठवीतच शाळा सुटलेली मी गावाहून इतक्या लांब आले, तेव्हा मालकीण मावशींनी ठेवून घेतलं, तांदळाची भाकरी शिकवली. त्यांचे उपकार फार.

त्या दुपारी टीव्हीवर चर्चा चालली होती. परदेशातल्या लांबलेल्या लढाईत आपले आणखी जवान पाठवावेत का? माझा धाकटा भाऊ तिथंच होता. नवी तुकडी गेली, तरच त्याची तुकडी परतणार होती. हे फक्त मावशींना ठाऊक.

"पाठवा रं, घाबरायचं काय!" एक ड्रायव्हर म्हणाला.

"तू जातोस का? तुजा टेंपो आमी चालवतो," शेजारचा म्हणाला. सगळे हसले. "ताई, तुमाला काय वाटतं?"

'पाठवा' अगदी तोंडाशी आलं. पण जाणारेही कुणाचे तरी भाऊच. मी वाफाळत्या उकडीत हात घातला. चटका जाणवलाच नाही.

मावशींनी टीव्ही बंद करून रिमोट पिठाच्या डब्यात टाकला. "जेवा रं गुमान. लढाई घरी जाऊन करा."

गिऱ्हाईक गेल्यावर मावशींनी रिमोट पदराला पुसून माझ्या हातात दिला. "बग गं, काय ठरलं."

मी टीव्ही लावला. तीच माणसं अजून भांडत होती. मी आवाज बंद केला आणि उरलेली उकड मळायला घेतली.