बरंकाकांचा इन्व्हर्टर

आमच्या गल्लीतले बरंकाका मुळात कोणाचेच काका नव्हते. लोकांनी त्यांना ते पद परस्पर दिलं आणि त्यांनी 'बरं बरं' म्हणून घेतलं. कुणी शिडी मागितली, बरं बरं. मोडून परत आणली, तरी बरं बरं. नोकरीसुद्धा त्यांच्या मापाने शिवल्यासारखी मिळाली होती: एका मोठ्या कचेरीत लिफ्टमन. लोक म्हणतील तो मजला. निवृत्तीपर्यंत या गृहस्थाने स्वतःच्या मनाने एकही बटण दाबलं नसावं. भीड भिकेची बहीण म्हणतात; काकांनी त्या बहिणीला सख्खी मानून घरीच ठेवून घेतलं होतं.

अशा माणसाचा संसार चालतो, कारण घरात दुसरं कुणीतरी 'नाही' म्हणत असतं. ते खातं काकूंकडे होतं. हप्त्यावर पलंग विकणारे, जामीन मागणारे, 'दोन दिवस राहायला' येणारे, सगळे दारातूनच परत जायचे. काका आतून ऐकत आणि सुटल्यासारखे हसत. 'बाई फार कडक' असं लोक म्हणायचे, आणि तेही काका ऐकून घ्यायचे.

मग काकूंना अर्धांगवायू झाला. जीभ वाचली, पण डावं अंग गेलं, आणि मागच्या खोलीतल्या खाटेवरून दारापर्यंत आवाज पोचेना. पडून पडून पाठीला जखम झाली. मलमपट्टीला येणाऱ्या नर्सबाईंनी हवेची गादी आणायला लावली. तिच्या नळ्या आळीपाळीने फुगतात आणि ओसरतात, म्हणजे एकाच जागी भार राहत नाही. पायथ्याशी टांगलेला छोटा पंप दिवसभर घुमत राही. जखम भरत आली. फक्त लाइट गेली की पंप थांबायचा, गादी बसायची, आणि काकू फळीवर आल्यासारख्या व्हायच्या. उन्हाळ्यात लाइट रोजच जायची.

"इन्व्हर्टर आणा," काकू म्हणाल्या. "आणि त्याला एकच पिन लावायची. माझी."

"बरं बरं."

"तसलं बरं नको. बाकीच्यांना नाही म्हणायचं. जमेल ना?"

दुकानदाराने पंपावरचा कागद वाचला आणि हसला. "दहा वॅट. हा तर झिरोच्या दिव्याचा भाऊ. काका, सगळ्यात लहान इन्व्हर्टर न्या. एका बॅटरीवर दिवसरात्र चालेल."

काका खुशीत 'द्या' म्हणणार, तेवढ्यात सोबत आलेला मुलगा म्हणाला, "बाबा, घेतोच आहोत तर माझा कॉम्प्युटर आणि दोन पंखे चालतील असा घेऊ. आईलाही वारा लागेल." आईचं नाव निघाल्यावर कोण नाही म्हणणार? घरून सुनेचा फोन आला: टीव्ही आणि मिक्सर राहू नयेत. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं, तसा दुकानदाराचा आकडा चढत गेला. शेवटी मधल्या मापाचा एक डबा ठरला. दुकानदाराने तेवढं बजावलं, "फ्रिज मात्र यावर नको. तो चालू होताना धावती बस पकडणाऱ्यासारखा एकदम जोर मारतो. हा सगळा धंदाच बसवेल."

वायरमन जोडणीला आला, तेव्हा घराच्या दुसऱ्या भागात राहणारा काकांचा धाकटा भाऊ स्टूल घेऊन बसला होता.

"आमच्या फ्रिजची वायर पण घे यात," तो म्हणाला.

"झेपणार नाही."

"तुला नाही विचारलं. दादा बसलाय ना इथे, त्याला विचार. काय रे दादा, मी परका आहे का?"

वायरमन, भाऊ, भावजय, मुलगा, सून, सगळे काकांकडे बघत राहिले. आतून काकूंची हाक आली. काय म्हणाल्या ते कुणाला नीट ऐकू आलं नाही, किंवा आलं असावं.

"घे बाबा," काका वायरमनला म्हणाले, "बघू पुढे."

पुढे म्हणजे आठवडाभरानेच. भर दुपारी लाइट गेली. इन्व्हर्टरने सगळा कुटुंबकबिला उचलला, आणि भावाच्या फ्रिजने अंग झाडताच पिंपिं करत मान टाकली. पंप थांबला. काकांनी बटण दाबून तो पुन्हा उठवला, फ्रिजने पुन्हा पाडला. कुणाचं तरी काहीतरी बंद करायला हवं होतं. काका भावाच्या दारात गेले.

"जरा तो फ्रिज..."

"दादा, दूध नासेल रे. तुमचा टीव्ही करा ना बंद."

काका सुनेकडे गेले. तिची मालिका लागायची होती. तिने मुलाकडे बोट दाखवलं. मुलगा कानाला यंत्र लावून साहेबाशी बोलायच्या गडबडीत होता. "बाबा, माझी नोकरी घालवता का? काकालाच सांगा, त्याच्या फ्रिजमुळे होतंय." सगळ्यांचं म्हणणं बरोबर होतं. लिफ्ट वरखाली करून काका पुन्हा तळमजल्यावर, म्हणजे काकूंच्या खाटेपाशी आले. गादी बसली होती.

"काय म्हणाले?"

"बघतो म्हणाले."

काकू छताकडे बघत होत्या. "तुम्ही त्यांना सांगितलं तरी का, माझी पाठ सोलवटते म्हणून?"

काका पंपाची नळी चाचपू लागले.

"मग असं करा. माझीच पिन काढा. तेवढं तर जमेल."

माणूस टोमणा मारतो तो समोरच्याने उलट बोलावं म्हणून. काका वाकले आणि त्यांनी पिन काढली. आयुष्यात पहिल्यांदा आणखी कुणालाही न विचारता एक गोष्ट केली, तर ती ही. दहा वॅटने काय व्हायचं होतं? इन्व्हर्टर पिंपिं करतच राहिला.

लाइट संध्याकाळी आली. पिन पुन्हा लागली, पण जखम उघडली ती उघडलीच. आता ती हाडापर्यंत गेली आहे, आणि भरेल असं नर्सबाई म्हणत नाहीत.

परवा मी गेलो तेव्हा काका खाटेला लागून खुर्चीत बसले होते, हात मांडीवर ठेवून, कुणीतरी मजला सांगायची वाट बघत. काकूंना कूस बदलायची होती. त्यांनी काकांच्या खांद्यावरून दाराकडे पाहिलं आणि सुनेला हाक मारली. सून कामात होती. काकूंनी थोडं थांबून पुन्हा हाक मारली.