नळाखाली हात

माझ्या पासची, म्हणजे इथं राहायच्या परवान्याची, मुदत मी चुकीच्या दिवसापासून मोजली. सिंगापुरात इंजिनियरिंगची मास्टर्स संपली की विद्यार्थ्याचा पास जातो आणि नोकरी शोधायला वर्षभराचा पास मिळतो. ते वर्ष पास निघाल्या दिवसापासून धावतं. मी ते पदवीदानापासून मोजलं, कारण त्या दिवशी झगा घालून फोटो काढले होते आणि आयुष्य तिथून सुरू होतं अशी माझी समजूत होती. ही चूक विद्यापीठाच्या ध्यानात आली नाही, मला नोकरी देऊ केलेल्या कंपनीच्या नाही, पुण्याहून रोज फोन करणाऱ्या आईच्याही नाही. ती पकडली आम्ही राहायचो त्या सेंगकांगच्या मॉलच्या दारानं, आणि त्या दाराची भाषा कळणाऱ्या माझ्या रूममेटनं. भर दुपारच्या उन्हात अंगावर काटा आणणारा असा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

तो नागपूरचा. हालचाल ओळखणाऱ्या सेन्सरवर पीएच.डी. केलेली, बुओना व्हिस्टाच्या एका प्रयोगशाळेत नोकरी. दिवसभर तो यंत्रांना माणूस ओळखायला शिकवायचा आणि उरलेल्या वेळात यंत्रं कुणाला ओळखेनाशी झाली याची खबर ठेवायचा. त्याचं म्हणणं असं, की ज्याच्या पासची तारीख जवळ येते तो सेन्सरला दिसेनासा होतो. आधी नळ, मग दारं, शेवटी दिवे. "तुझ्या आधी या खोलीत एक सोलापूरचा होता," वरण कालवता कालवता तो सांगायचा. "पंधरा दिवस उरले होते त्याचे. हात धुवायला गेला तर पाणी येईना. बाजूवाल्याला येते, याला नाही. गेला बे तो." हे तो अशा सुरात म्हणायचा की कुठं गेला, हे विचारायचा धीर होत नसे. एकदा विचारलंच, तर म्हणाला, "सोलापुरात पंप विकून राहिला."

म्हणून रोज सकाळी स्टेशनवरच्या सेन्सरच्या नळाखाली हात धरून तो स्वतःची हजेरी घ्यायचा. पाणी आलं की हळूच म्हणायचा, "आहोत आपण." घरात त्याचं एक ताट, एक वाटी, एक चमचा, भिंतीला खिळा म्हणून नाही. मी एकदा म्हटलं, गॅलरीत तुळस लावू. "पाणी कोण घालेल?" "आपण." "आपण म्हणजे कोण बे?" त्यानंतर मी तुळशीचं नाव काढलं नाही. बाहेर मात्र मी त्याच्या या वेडाचे किस्से मीठमसाला लावून सांगायचो. एका दुपारी त्याचा विसरलेला डबा द्यायला प्रयोगशाळेत गेलो. लांबलचक कॉरिडॉर, माझ्या पावलागणिक डोक्यावरचा एकेक दिवा लागत होता. टोकाच्या बाकावर तो वाचत बसलेला, आणि त्याच्या डोक्यावरचा तेवढा विझलेला. "हलत नाहीस म्हणून विझला," मी अक्कल पाजळली. त्यानं माझ्याकडे बघत सावकाश पान उलटलं. मग हात वर करून हलवला. दिवा लागला नाही. त्यानं डबा उघडला, आणि मला उगाच वाटलं की आपण इथून लवकर निघावं.

मे महिन्याच्या मध्यावर त्या मॉलच्या सरकत्या काचेवर माझं नाक आपटलं. दार उघडलंच नाही. मागे सरलो, पुढे झालो, एक पाय नाचवला. काचेत मला मागचा रस्ता दिसत होता, सायकलवरची मुलगी दिसत होती. मीच तेवढा नीट दिसत नव्हतो. ऊन तसं असेल. एवढ्यात भाजीची पिशवी घेऊन एक आजी आली, तिला दार अदबीनं उघडलं, आणि मी चोरासारखा तिच्या मागून आत शिरलो. घरी येऊन हे हसत हसत सांगितलं. तो हसला नाही.

"कार्ड दाखव बे."

"अरे, जुलैअखेरपर्यंत आहे माझं."

"कार्ड."

कार्डावर जूनची तारीख होती. उरलेले दिवस अठरा. आणि कंपनीला मी ऐटीत सांगून बसलो होतो की नोकरीच्या पासचा अर्ज सावकाश करा, पुढच्या महिन्यात. पुण्यात आईचे पेढे वाटून झाले होते.

अर्ज दुसऱ्याच दिवशी गेला. मग नुसती वाट. रोज सकाळी तो मला नळापाशी न्यायचा, वैद्यानं नाडी बघावी तसं माझं मनगट पाण्याच्या तोटीखाली धरायचा. कधी यायचं पाणी, कधी नाही. "आहेस अजून थोडा," तो म्हणायचा. मी बॅग भरायला काढली, तेव्हा त्यानं ती रिकामी केली, कुठून तरी हातोडी आणली आणि ज्या भिंतीला त्यानं कधी बोट लावलं नव्हतं तिच्यात खिळा ठोकून माझा झग्यातला फोटो टांगला. "असू दे. दिसलं पाहिजे, की हा राहून राहिला."

दोन दिवस उरले असताना मंजुरीचं पत्र आलं. आम्ही दोघं मॉलकडे धावलो. दार मला दहा पावलांवरून उघडलं. मी आत जाऊन वळलो, तर ते आमच्या दोघांच्या मध्ये मिटलं होतं. तो बाहेर पायपुसण्यावर उभा होता, अगदी सेन्सरखाली, आणि त्यानं हातसुद्धा हलवला नाही. त्याच्या पासचं नूतनीकरण नामंजूर झालं होतं. पत्र आठ दिवस त्याच्या खिशात होतं. त्या आठही दिवशी तो माझं मनगट नळाखाली धरत होता.

त्याच्या जायच्या आधीच्या रविवारी तो मला बोटीनं पुलाउ उबीन बेटावर घेऊन गेला. जुनी लाकडी घरं, कड्या-कोयंड्यांची दारं. एका दाराला हात लावून म्हणाला, "इथं दार आपण उघडायचं. ते कोण तू म्हणून विचारत नाही." दिवसभर असा खूश होता, की मला बघवेना.

खिळा अजून भिंतीत आहे. मीही रोज नळाखाली हात धरतो, आणि पाणी आलं की दोघांची हजेरी लावतो. वर्षभरानं एकटाच उबीनला गेलो. नारळपाणी विकणाऱ्या एका चिनी आजीच्या टपरीमागे हात धुवायला गेलो, हात धरले. पाणी नाही. पुन्हा धरले. नाही. पास खिशात, मुदत भरपूर. तरी पास काढून तारीख पुन्हा वाचली. किती वेळ तसा उभा होतो कोण जाणे. आजी आली, माझ्या शर्टावरचं विद्यापीठाचं नाव तिनं वाचलं आणि नळाची चावी फिरवली.

"ओल्ड टॅप, लाह. यू मस्ट टर्न. युनिव्हर्सिटी गो फॉर व्हॉट?"