मोजून शिजवलेलं

तयार कपड्यांच्या कारखान्यात ती शर्टांना बटणं लावायची. मशीनने लावलेलं बटण सैल निघालं की शर्ट तिच्या टेबलावर येऊन पडायचा. म्हणून सगळे तिला बटणवाली म्हणत. नवरा घरं रंगवायचा. दोन खोल्यांचं बिऱ्हाड होतं, पुढची बसायची-निजायची, मागची स्वयंपाकाची. मूलबाळ झालं नाही. त्याचं जे काय रडायचं ते रडून झालं होतं.

या घराची ख्याती एकच, इथून कोणी उपाशी जात नसे. बटणवालीचा हात मोठा होता. पातेलंभर भात आणि बटाट्याचा रस्सा एवढ्यावर ती कितीही माणसं जेवू घाली. दारात चपला वाजल्या की रश्श्यात तांब्याभर पाणी, चिमूटभर मीठ-तिखट, एक उकळी, की झालं आणखी एक ताट तयार. रंगारी चारचौघांत सांगायचा, "आमची बायको पाण्यालाही फोडणी देईल."

दर रविवारी दुपारी तिचे थोरले दीर यायचे. बायको कधीच वारलेली, एका गोदामाच्या फाटकावर नोकरी आणि फाटकाशेजारच्या केबिनमध्येच मुक्काम. भाऊजी हातात कधी काही घेऊन आले नाहीत, पण तोंडात गोष्टी भरपूर. आले की थेट स्वयंपाकघरात घुसायचे आणि स्वतःच झाकण उचलायचे.

"काय बटणमास्तर, आज काय घाट घातलाय?"

"हात धुवा आधी!"

"अगं, आमच्या मालकाच्या कुत्र्याला पगारवाढ मिळाली. आता दोन वेळा बिस्किटं. मी त्याला सलाम ठोकायला लागलोय, म्हटलं माझंही नाव सुचवेल कुठे तरी."

हसून हसून रंगाऱ्याला ठसका लागायचा. भाऊजी तीनदा भात घ्यायचे, ढेकर देऊन तिथेच आडवे व्हायचे.

मग रंगाऱ्याची तब्येत बिघडली. सारखी तहान, पायातलं त्राण गेलेलं, खरचटलेलं महिना महिना भरून येईना. एकदा शिडीवर डोळ्यांपुढे अंधारी आली, तेव्हा बटणवालीने त्याला ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होती, समजावून सांगणारी होती. रक्तातली साखर फार वाढली आहे म्हणाली. गोळ्या दिल्या आणि बटणवालीकडे वळून बोलली, "भात आणि बटाटा कमी करा. पालेभाज्या, डाळ, रोज एक अंडं, एखादं फळ. हे गोळ्यांइतकंच महत्त्वाचं आहे. तुमच्या हातात आहे बघा."

तुमच्या हातात आहे, हे बटणवालीच्या मनात रुतून बसलं.

दुसऱ्या दिवसापासून तिने कंबर कसली. बाजारात दोन्ही हातांत मावणार नाही एवढा पाला घ्यायचा, निवडता निवडता सकाळ घालवायची, आणि शेगडीवर ठेवला की तो मूठभर होऊन बसायचा. ज्या पैशांत सगळा आठवडा निघायचा, ते आता बुधवारपर्यंतही पुरेनात. निवडण्या-चिरण्याला वेळ हवा म्हणून तिने कारखान्यातलं जादा काम सोडलं, म्हणजे तिकडूनही कमाई घटली. चहातलं दूध गेलं, अंगावर नवं लुगडं घेणं गेलं. स्वतःच्या ताटात ती पूर्वीसारखाच भात-रस्सा घ्यायची. त्याचं तिला काही वाटलं नाही. नवऱ्याच्या तोंडावर तजेला येत होता, शिडीवरचे पाय स्थिर होत होते.

पण एक गोष्ट तिच्या आवाक्याबाहेरची होती. रश्श्यात पाणी वाढवता येतं, अंड्यात काय वाढवणार?

पहिल्या रविवारी तिने दोन तऱ्हेची ताटं वाढली. भाऊजींना भात-रस्सा, नवऱ्याला पालेभाजी, घट्ट डाळ, उकडलेलं अंडं.

"अरे वा, राजाला वेगळं ताट!" भाऊजी म्हणाले. त्यात कुसकेपणा नव्हता. रंगारी मात्र कानकोंडा झाला. त्याने अंडं मोडून अर्धं भावाच्या भातावर ठेवलं. बटणवालीने डोळे वटारले, ते भाऊजींनी पाहिलं की नाही कोण जाणे.

ते गेल्यावर ती म्हणाली, "ते अंडं म्हणजे औषध आहे. औषध कोणी वाटून खातं का?"

"दादा आहे तो माझा."

"म्हणून तर म्हणते. त्यांना कळायला नको का?"

भांडण नको म्हणून रंगाऱ्याने ते तसंच चालू दिलं. पुढे पुढे ती रविवारचं जेवण लवकर उरकू लागली. भाऊजी यायच्या वेळेला भांडी घासून पालथी पडलेली असायची. चहा तेवढा व्हायचा.

एका रविवारी ते जरा लवकरच आले. कोपऱ्यावर त्यांचं खोकणं ऐकू आलं, तशी बटणवालीची धांदल उडाली. चिरलेल्या फळांची ताटली तिने वरच्या फळीवर सरकवली आणि तिच्यावर टॉवेल टाकला. रंगाऱ्याचा घास अजून तोंडातच होता. भाऊजी सवयीने आत आले, झाकण उचललं. पातेलं रिकामं. शेजारी अंड्याची टरफलं पडली होती. त्यांनी टरफलांकडे पाहिलं. तिच्याकडे पाहिलं नाही.

"उरकलं वाटतं तुमचं! बरं झालं. मीही खाऊनच निघालोय. चहा टाक."

चहात त्यांनी वरून साखर मागून घेतली. गोदामात शिरलेल्या मांजरीची गोष्ट सांगितली. मधेच उठून माठातलं पाणी प्यायले, पुन्हा उठून प्यायले. पोट पाण्याने भरताहेत, बटणवालीला वाटलं. तरी ती टॉवेलकडे गेली नाही.

त्यानंतर ते एक रविवार सोडून यायला लागले, मग फोनवर "काम वाढलंय रे" म्हणू लागले, मग तेही बंद झालं. आणि खरं सांगायचं तर बटणवालीला सुटल्यासारखं वाटलं. दवाखान्यात रंगाऱ्याचा रिपोर्ट चांगला आला. डॉक्टरीणबाईने तिची पाठ थोपटली. घरी येताना ती रस्त्यात उगाचच हसत होती.

थंडीच्या दिवसांत गोदामातून फोन आला. भाऊजींच्या पायाच्या तळव्यात खिळा घुसला होता. त्यांनी चिंधी बांधून तसंच रेटलं, आणि पाय काळा पडल्यावर दुसऱ्या पहारेकऱ्याने त्यांना सरकारी इस्पितळात नेलं. ही दोघं पोचली तोवर गुडघ्याखालचा पाय काढायचं ठरलं होतं.

तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "घरात आणखी कोणाला साखर आहे?"

"मला आहे," रंगारी म्हणाला.

"मग यांची तपासणी कोणी केली नाही? तहान वगैरे काही दिसलं नाही तुम्हाला?"

माठाकडे उठून जाणारे भाऊजी बटणवालीला दिसले. तीच तहान तिने घरात नवऱ्याची पाहिली होती, ओळखायला काय अडचण होती?

पहारेकरी भला माणूस होता, त्याच्या मनात काही नव्हतं. "चहा आणि पाव, दुसरं काही खायचेच नाहीत," तो म्हणाला. "गोड चहाने पोट धरून राहतं म्हणायचे. रविवारचं तेवढं भावाकडे जेवण असायचं. पण मग तेही..." तो बिडी ओढायला बाहेर गेला.

इस्पितळाच्या जिन्यात दोघं बसून राहिली. ती म्हणाली, "मी हाकललं त्यांना."

"तू कशाला? खाणारा मी होतो." रंगारी पायऱ्यांकडे बघत बोलला. "तो यायच्या आत आटपायचं म्हणून भराभर घास गिळायचो मी. मला काय कळत नव्हतं होय? चवसुद्धा लागायची नाही. तरी खायचो."

तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, पण त्याने आपला हात त्यावर ठेवला नाही.

पाय काढल्यावर भाऊजींना ती घरी घेऊन आली. पुढच्या खोलीत खिडकीशी त्यांची खाट टाकली. आता दोघांनाही सारखंच, पालेभाजी, डाळ, अंडं. भागेना म्हणून तिने जादा काम पुन्हा धरलं, बटणं आणि शर्टांची गाठोडी घरी आणली. भाऊजी जमेल तशी सुई ओवून द्यायचे, "आता मीही बटणखात्यात" म्हणायचे. विनोद होते, पण आता ते हळू आवाजात यायचे. झाकण उचलणं तर आता शक्यच नव्हतं. ताट पुढे आलं की ते आधी विचारायचे, "तुझं झालं? त्याचं झालं? मग घेतो." पूर्वी या घरात असलं त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"भाऊजी, पोटभर जेवा हो. आहे भरपूर."

"आहे ना, आहे. पुरे मला."

एकदा तिने धीर केला. "त्या रविवारी..."

"अगं, मांजरीचं पुढे काय झालं ते सांगायचंच राहिलं," ते म्हणाले आणि सांगत सुटले. तिला बोलू दिलंच नाही. पुन्हा तिने विषय काढला नाही. उन्हाळ्याच्या तोंडाला ते दुपारच्या झोपेतच गेले.

रंगाऱ्याची तब्येत आज ठणठणीत आहे. मागच्या तपासणीला डॉक्टरीणबाईने बाकावरच्या एका बाईला बटणवालीशेजारी आणून बसवलं. "यांना विचारा, यांनी नवऱ्याला कसं सांभाळलं ते," म्हणाली. त्या बाईच्या नवऱ्याचं नुकतंच निदान झालं होतं. बटणवालीने सगळं सांगितलं. पाला बाजार उठताना घ्यावा, डाळ भिजवून ठेवली की गॅस कमी लागतो, फळ डागाळलेलं असलं तरी चालतं.

"घरात किती माणसं तुमच्या?" बाईने विचारलं.

"आम्ही दोघंच."

"तरीच. आमच्यात सासू, दीर, तीन पोरं. एकट्या ह्यांच्या ताटात अंडं कसं ठेवू मी?"

बटणवाली म्हणाली, "थोडं थोडं सगळ्यांना घाला. एकट्यासाठी वेगळं काढू नका."

"पण डॉक्टर तर म्हणतात, ह्यांना रोज आख्खं हवं."

"डॉक्टर म्हणतात ते बरोबर आहे," बटणवाली म्हणाली. रंगाऱ्याच्या नावाचा पुकारा झाला, तशी ती पिशवी उचलून उभी राहिली.