छत्तीस गुण जुळलेल्या गोळ्या

"बावन्न," सुवर्णा म्हणाली आणि तिनं माझ्या बोटावर कापूस दाबला. "आजी, साखर लय खाली गेलीया तुमची. बोलू नका, आधी हे प्या."

शिराळ्याच्या एका बोळातल्या औषधाच्या दुकानात बसून मी ग्लुकोजचं पाणी पीत होते. निम्मं पदरावर सांडलं. मला झालं होतं हायपोग्लायसेमिया, म्हणजे रक्तातली साखर नको इतकी उतरणं. सहा महिने ते कुणाला सापडलं नव्हतं. कारण मी सापडू दिलं नव्हतं.

मी सुभेदाराची बायको, आता त्यांच्यामागं शिराळ्यात एकटी राहते. वय चौऱ्याहत्तर. मुलगा साताऱ्यात, मुलगी सांगलीत. मधुमेह जुनाच, पण त्या सहा महिन्यांत सकाळी दरदरून घाम सुटायचा, अंग कापायचं, डोक्यात नुसतं धुकं. एकदा चहात मीठ घातलं. एकदा मुलीलाच नणंद समजले आणि नणंदेला जन्मात बोलले नव्हते ते सगळं फोनवर बोलून घेतलं.

मुलांनी धसका घेतला. सांगलीत माझ्या मेंदूचा एमआरआय काढला. म्हणजे धडधडणाऱ्या नळकांड्यात निपचित पडायचं आणि आत मेंदूचे फोटो निघतात. रिपोर्टसाठी दोन तास बाकड्यावर बसलो. 'वयाच्या मानाने ठीक' असा तो आला. तरी डॉक्टर म्हणाले, "विसरभोळेपणाची सुरुवात असू शकते. यांना एकटं ठेवू नका."

झालं! नागपंचमी झाली की शिराळ्याचं घर बंद. सहा महिने सातारा, सहा महिने सांगली. मुलानं नवं कुलूपसुद्धा आणून ठेवलं. माझं घर, माझा कढीपत्ता, माझी दुपारची झोप, सगळं त्या कुलपात जाणार होतं.

आता माझी करणी सांगते. मुलगा मला साताऱ्याच्या डॉक्टरांकडे न्यायचा, ते हिरवी गोळी द्यायचे. सहा महिन्यांपूर्वी मुलगीही सांगलीला न्यायला लागली, तिथले गुलाबी द्यायचे. एकाचं दुसऱ्याला सांगितलं असतं तर बहीणभावात जुंपली असती. म्हणून मी दोघांची मनं राखली. सकाळी एक लेकाची, एक लेकीची. डॉक्टरांनी "आणखी काही घेता का?" विचारलं की तोंड भोळं करून "न्हाई" म्हणायचे. रंग वेगळा म्हणजे औषध वेगळं, एवढी माझी विद्या.

ही विद्या पंचविशीतली. नवरा सुट्टीवर येताना गोळ्या आणायचा आणि मी गल्लीची डॉक्टरीण व्हायचे. गुलाबी तापाला, पांढरी कंबरेला, वर फुकटचा सल्ला. एकदा सासूबाईंना डोकेदुखीची म्हणून जुलाबाची दिली. डोकं दुखतंय हे त्या दिवसभर विसरल्या, तेव्हा गुण आला म्हणून मी मिरवले! एवढी शहाणी बाई मी पुन्हा पाहिली नाही.

माझं नेहमीचं औषधाचं दुकान स्टँडजवळ. तिथला माणूस काही विचारत नसे, मागेल ते देई, म्हणून मला हुशार वाटे. नागपंचमीला तो रस्ता गर्दीनं भरलेला. खोकल्याचं औषध हवं होतं म्हणून बोळात वळले. आदल्या दिवशी भावाच्या आयुष्यासाठी उपास धरलेला, सकाळी नुसत्या चहावर दोन्ही गोळ्या. काउंटरवर एक पोरगी, हीच सुवर्णा.

"मालकांना बोलव गं."

"आवं, मीच मालक. शिकून परवाना काढलाय. पण तुमी आधी बसा, घामानं भिजलाय सगळ्या."

साखर जरा वर आल्यावर तिनं विचारलं, "आजी, काय काय चालू हाय?" भोळं तोंड करायचंही त्राण नव्हतं. मी पिशवी पालथी केली. तिनं दोन्ही पाकिटं उलटी करून माझ्यासमोर धरली.

"वरचं मोठं नाव कंपनीचं. खाली बारीक अक्षरात आतलं औषध असतंय. ते बगा."

मला इंग्रजी येत नाही. पण नवऱ्याच्या पलटणीच्या पत्त्यावर पत्रं टाकून टाकून अक्षरं ओळखीची झालेली. अक्षराला अक्षर लावून पाहिलं, पत्रिका जुळवतात तसं. छत्तीसच्या छत्तीस गुण जुळले! दोन्हीकडे ग्लिमेपिराइड, साखर उतरवणारं औषध. मी दुप्पट खात होते आणि वर उपास करत होते.

"मग एक बंद करू?"

"तुमी न्हाई, मी बी न्हाई. डॉक्टर सांगतील." तिनं माझ्या चिठ्ठीवरून साताऱ्याला फोन लावला. जेवू घाला, साखर तपासत राहा, एकटं सोडू नका, उद्या घेऊन या, असा निरोप आला. संध्याकाळी मुलगा न्यायला येईपर्यंत तिनं मला तिथंच बसवून ठेवलं. बाहेर ढोल वाजत होते, आत माझं बोट टोचलं जात होतं.

दुसऱ्या दिवशी साताऱ्यात दोन्ही मुलांसमोर कबुली दिली. डॉक्टर आधी रागावले, मग हसले. "आजींचा मेंदू शाबूत आहे. बिचारा उपाशी होता." मुलगी रडली. मुलानं कुलूप दुकानात परत केलं.

आता एकच गोळी, तीही छोटी. तीन महिन्यांनी एचबीएवनसी केली, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी. ती उत्तम आली. चहा बिनसाखरेचा, पण त्यात मीठही नाही.

बायांनो, गावात औषधाचं दुकान शोधाल तर जिथं चार प्रश्न विचारून तुम्हाला वैताग आणतात तेच धरा. आणि तिथं खोटं बोलू नका. मी पुष्कळ बोलले आहे, तुमच्या वाटचंही.

यंदा नागपंचमीच्या आदल्या दिवशी सुवर्णानं काउंटरवरूनच हाक मारली, "आजी, उपास हाय का?"

"न्हाई गं. थालीपीठ खाऊन आलीया. भावाला फोन केला, म्हटलं, बिनउपासाचा जिता हायस का? व्हय म्हणाला."

आणि घराची किल्ली कमरेला खोचून मी दुपारची झोप काढायला घरी गेले.